काठ्या आणि झोळी

प्रभू येशूने बारा प्रेषितांना गावोगाव पाठविले, तेव्हा त्यांनी बरोबर काय न्यावे आणि काय नेऊ नये याविषयीही सूचना दिल्या होत्या. सेमिनरीत असताना या उताऱ्यावर आमचा बराच काथ्याकूट चाले. संत मत्तय आणि संत लूक यांच्या मते शिष्यांनी काठीसुद्धा घ्यायची नव्हती. संत मार्क काठीची मुभा देतो. झोळीच्या बाबतीत मात्र तिघांचे एकमत आहे : झोळी नको. पुढे शेवटच्या भोजनाच्या रात्री, लूकच्या शुभवर्तमानात, येशू हीच सूचना फिरवतो आणि ज्याच्याजवळ झोळी असेल त्याने आता ती बरोबर घ्यावी असे सांगतो. प्रवासाप्रवासांत फरक असतो, आणि सामानाचा विचार करणे हे काही अविश्वासाचे लक्षण नव्हे, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नसावी.

गेल्या वर्षीच्या उपवासकाळात हा उतारा माझ्यापुढे एका अगदी अनपेक्षित रूपाने उभा राहिला. प्रश्न काठ्यांचा आणि झोळीचाच होता. मात्र काठ्या गोल्फच्या होत्या आणि झोळी विमानातून न्यायची होती.

आमच्या धर्मग्रामातील हे कुटुंब दोन पिढ्यांपूर्वी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून पोटासाठी मुंबईत आले. घरातील कर्ता पुरुष पंधराव्या वर्षी शहरातील एका गोल्फ मैदानावर कॅडी म्हणून लागला. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यामागे चालणारा माणूस. अठरा होलांची एक फेरी म्हणजे सात-आठ किलोमीटरांची पायपीट. चाळीस वर्षे या गृहस्थाने दुसऱ्यांच्या काठ्या वाहिल्या. आठवड्यातून एक दिवस मैदान सभासदांसाठी बंद असे. त्या दिवशी कॅडींना खेळू देत. त्या एका दिवसाच्या आधारावर त्याचा मुलगा खेळ शिकला आणि पुढे इतरांना शिकवूही लागला.

भारतीय गोल्फमध्ये ही वाट नवी नाही. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीच्या मैदानावरचा कॅडी होता. २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकणारे चौरासिया हे कोलकात्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या एका कामगाराचे चिरंजीव. आमच्या या मुलाची मजल इतकी मोठी नव्हती. त्याला स्कॉटलंडमध्ये दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला आणि त्याला जोडून असलेल्या एका लहानशा स्पर्धेला जाण्याची संधी मिळाली होती, इतकेच. परंतु विमानाचे तिकीट, व्हिसा आणि तेथील राहणे यांसाठी पतपेढीचे कर्ज काढावे लागले, आणि त्या अर्जावर शिफारशीची सही घेण्यासाठी बापलेक माझ्याकडे आले. अर्जातील खर्चाच्या यादीत 'प्रवासी बॅग' या बाबीपुढे दोन आकडे लिहिलेले होते आणि दोहोंपैकी कोणता ठेवायचा यावर घरात एकमत झालेले नव्हते. मोठा आकडा बापाच्या एका महिन्याच्या कमाईहून अधिक होता.

मुलाला जायचे होते ते ठिकाण सेंट अँड्र्यूजच्या परिसरातील होते. प्रेषित अंद्रियाचे नाव धारण करणारे हे गाव एकेकाळी स्कॉटलंडमधील ख्रिस्तसभेचे हृदय होते. तेथील भव्य कॅथीड्रलचे आज केवळ भग्नावशेष उरले आहेत. गोल्फची पंढरी म्हणून जग त्याला ओळखते. गंमत अशी, की १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती, कारण तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून त्या खेळात रमत. पुढे १५५२ साली सेंट अँड्र्यूजच्या समुद्रकाठच्या माळावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क ज्या सनदेने मान्य केला, ती दिली तेथील कॅथलिक आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी. म्हणजे आज ज्याला श्रीमंतांचा म्हणतात तो खेळ एका धर्माधिकाऱ्याच्या लेखी सर्वसामान्य गावकऱ्यांचा होता. ही हकिगत मी त्या बापाला सांगितली, तेव्हा तो काही बोलला नाही. मात्र त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसले.

आता बॅगेविषयी. गोल्फच्या नियमानुसार खेळाडूला जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगता येतात. क्रुसाच्या वाटेची स्थानेही चौदाच, असे मी म्हणालो तेव्हा मुलगा हसला. पण विमानप्रवासात या काठ्यांच्या वाट्याला येणारे भोग पाहिले की ती तुलना अगदीच अस्थानी वाटत नाही. त्या विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाहीत, कारण सुरक्षेच्या दृष्टीने त्या हत्यारासारख्या मानल्या जातात. त्या पोटातील सामानातच द्याव्या लागतात. एकदा काउंटरवर दिल्या, की पट्टे, घसरगुंड्या, ट्रॉल्या आणि अनोळखी हात यांच्या स्वाधीन.

सर्वांत नाजूक काठी म्हणजे सर्वांत लांब असलेला ड्रायव्हर. त्याचे डोके पोकळ, बहुधा टायटॅनियमचे, दांडा ग्रॅफाइटचा, आणि दोहोंचा सांधा अरुंद. बॅग उलटी होऊन डोक्यावर आपटली, तर सगळा आघात त्या सांध्यावर येतो आणि दांडा तेथे तडकतो. म्हणून जाणकार बॅगेत एक जास्तीची दांडी उभी ठेवतात. ती सर्वांत लांब काठीपेक्षाही चार बोटे उंच असते, तिचे वरचे टोक कुबडीसारखे रुंद असते. बॅग पडली तर पहिला मार ती झेलते आणि काठ्या वाचतात. मुलाने हे समजावून सांगितले तेव्हा माझ्या मनात जो विचार आला, तो कोणत्याही धर्मगुरूच्या मनात आला असता. तो येथे वेगळा लिहिण्याची गरज नाही. ज्या ड्रायव्हरचे डोके किल्लीने सुटे करता येते, ते काढून मोज्यात गुंडाळून ठेवावे. उरलेल्या काठ्यांच्या डोक्यांभोवती टॉवेल आणि जुने कपडे घट्ट बसवावेत, म्हणजे त्या एकमेकींवर आदळत नाहीत.

खरा वाद होता तो बॅगेच्या जातीचा. एक असते कडक प्लास्टिकची पेटी. वरून दुसरे सामान पडले तरी ती दबत नाही. परंतु ती रिकामीच पाच-सहा किलोंची असते, घडी होत नाही, लहान टॅक्सीत मावत नाही आणि मुक्कामाच्या लहानशा खोलीत अडगळ होऊन बसते. दुसरी जाड नायलॉनची, डोक्याकडे भरपूर अस्तर असलेली मऊ बॅग. ती हलकी असते, रिकामी झाल्यावर गुंडाळून खाटेखाली सरकवता येते आणि किमतीनेही कमी. मात्र आतली दांडी आणि नीट भरणे यांवाचून तिचा भरवसा नाही. काठ्या सहा किलोंच्या आसपास, खेळताना वापरायची पिशवी तीनेक किलो, बूट, चेंडू, पावसाळी जाकीट यांची त्यात भर. बऱ्याच विमान कंपन्या साध्या वर्गात एका नगाला तेवीस किलोंची मर्यादा ठेवतात. गोल्फची बॅग नेहमीच्या सामानापेक्षा लांब असल्याने तिच्यासाठी निराळे नियम असतात आणि ते कंपनीगणिक बदलतात. ते तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्यावेत.

मुलाचा ओढा कडक पेटीकडे होता. पहिलाच परदेशप्रवास, कर्जाचे पैसे आणि काठ्यांचा तो एकुलता एक संच. त्याची भीती खोटी नव्हती. दुकानात दोन्ही नमुने पाहायला बापलेक गेले होते, त्याची हकिगत बापाने मला सांगितली. मुलगा कुलुपे आणि कड्या तपासत होता. बापाने पेटी आडवी केली, उभी केली, एकदा एका हाताने आणि एकदा दोन्ही हातांनी उचलली आणि खाली ठेवली. मग मऊ बॅगेचेही तसेच केले.

"फादर, मी चाळीस वर्षे ओझे उचलले," तो मला म्हणाला. "जी वस्तू जड असते आणि जिला धरायला जागा नसते, ती कोणी ठेवत नाही. ती टाकली जाते. पेटी चांगली होती, पण तिला एकच कडी. रात्रपाळीचा माणूस तिला कुठे धरणार?"

मुलगा म्हणाला, "पप्पा, पण बॅग मऊ आहे. वर काही पडले तर?"

"वर पडणारे तुझ्या हातात नाही. उचलणाऱ्याला हाताशी चार ठिकाणी पट्टे मिळाले, तर तो नीट ठेवेल. तेवढे तुझ्या हातात आहे."

त्यांनी मऊ बॅग घेतली. दोन्ही टोकांना आणि मध्यभागी पट्टे असलेली, मोठ्या चाकांची. उरलेल्या पैशांतून आतली दांडी घेतली. बॅग भरून झाल्यावर काट्यावर ती एकोणीस किलो भरली.

मी अर्जावर सही केली ती लहान आकडा ठेवून. परंतु त्या गृहस्थाचे बोलणे माझ्या मनातून जाईना. आपण सामान विकत घेतो तेव्हा आपल्यापुढे दोनच पक्ष असतात : आपण आणि आपली वस्तू. ती वस्तू वाहणारा तिसरा माणूस आपल्या हिशेबात नसतो. विमान कंपन्या सामान्यतः बत्तीस किलोंहून जड नग स्वीकारत नाहीत, त्यामागे विमानाच्या क्षमतेपेक्षाही सामान चढविणाऱ्या कामगारांच्या पाठीची काळजी आहे. विमानाच्या पोटात उंची कमी असते. वाकून, गुडघ्यांवर बसून ओझी सरकवावी लागतात. मुंबईच्या कितीतरी धर्मग्रामांतील मुले विमानतळावर हेच काम करतात. रविवारी मिस्साला ती मागच्या बाकावर पेंगताना दिसली, तर प्रवचनकाराने फार रागावू नये.

मुलगा शनिवारी एडिनबरोला उतरला. वाटेत विमान बदलायचे होते. तो पुढे गेला आणि बॅग मागे राहिली. विमानतळ सोडण्यापूर्वी त्याने काउंटरवर रीतसर तक्रार नोंदवून तिची प्रत घेतली. हे प्रत्येकाने करावे. भारताने २००९ साली स्वीकारलेल्या माँट्रियल करारानुसार सामानाची मोडतोड झाल्यास सात दिवसांत आणि विलंब झाल्यास सामान हाती आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी दावा करावा लागतो. भरपाईलाही मर्यादा आहे. आपले नाव आणि पत्ता बॅगेच्या बाहेर लावावा तसा आतही ठेवावा.

दुसऱ्या दिवशी रविवार. सेंट अँड्र्यूजचे सर्वांत जुने मैदान, ओल्ड कोर्स, मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर रविवारी खेळासाठी बंद असते आणि गावकरी तेथे मुलाबाळांसह फिरायला येतात. सकाळची मिस्सा आटोपून मुलगाही तेथे गेला. हातात काठी नाही, खांद्यावर झोळी नाही. तेथून त्याने घरी फोन केला आणि संपूर्ण मैदान चालत बापाला सांगत गेला : उतार कुठे आहे, वाळूचे खड्डे किती खोल आहेत, वारा कोणत्या बाजूने येतो. चाळीस वर्षे ओझे घेऊन मैदाने चाललेल्या त्या माणसाने हे मैदान असे, ओझ्यावाचून, कानांनी पाहिले.

बॅग सोमवारी दुपारी पोहोचली. एका बाजूचे अस्तर खरचटले होते. चौदाही काठ्या धड होत्या. स्पर्धेत तो मधल्या क्रमांकावर राहिला, आणि परत आल्यावर त्याच्याकडे शिकायला येणाऱ्यांची संख्या थोडी वाढली. पतपेढीचे हप्ते वेळेवर चालू आहेत.

आपल्यापैकी बहुतेकांना गोल्फच्या काठ्या घेऊन कधी विमानात बसावे लागणार नाही. परंतु आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात मुले असलेली घरे आपल्यात पुष्कळ आहेत आणि नाताळच्या सुट्टीत लोणची, पापड, गिटार, पाळणे असे काय काय सीमेपलीकडे जात-येत असते. बॅग घेताना तिचे चाक आणि कुलूप पाहावे, तसे तिला धरायला जागा किती आहेत तेही पाहावे. भरून झाली की दाराशी नेऊन ठेवण्यापूर्वी ती एकदा स्वतः, दुसऱ्या कोणाची मदत न घेता, उचलून पाहावी. आपल्याला जड वाटली तर त्यातून काहीतरी काढावे.