वळसा

ग्वाल्हेरच्या मुलाला आगगाडीचे वेड लागायला वेगळे निमित्त शोधावे लागत नसे. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक टेबलावर फिरणारी चांदीची गाडी आम्ही शाळेच्या सहलीत डोळे विस्फारून पाहिलेली. पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेण्यासाठी शिंदे सरकारांनी ती करवून घेतली होती, आणि तीवरील सुरई उचलली की गाडी थांबावी अशी तिची योजना होती. शिवाय दोन फुटी रुळांवरून श्योपूरला जाणारी छोटी गाडी तर २०२० साली बंद होईपर्यंत रोजच्या व्यवहारातली होती.

तेव्हा १९८१ साली मामांनी विलायतेहून हॉर्नबीचा संच आणला आणि आम्हा दोघा भावांना आकाश ठेंगणे झाले. त्या गाडीत एक गंमत आहे. तिचे माप खऱ्या गाडीच्या शहात्तराव्या हिश्श्याचे. त्या हिशेबाने दोन रुळांतील अंतर सुमारे १९ मिलिमीटर हवे, पण ते आहे १६.५. त्या काळच्या मोटारी इंग्रजी इंजिनांच्या लहानखुऱ्या पोटात मावेनात, म्हणून गाडी मोठी केली आणि रूळ मात्र तेच ठेवले. अंथरूण पाहून पाय पसरण्याचे शहाणपण इंग्रजांनाही नेहमीच सुचते असे नाही!

२०११ साली वाड्याची वाटणी झाली. तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर तो संचही वाटला गेला. इंजिन व तीन डबे माझ्याकडे, रूळ व ट्रान्सफॉर्मर धाकट्या बंधूकडे. यादी वाचली जात असताना आम्हा दोघांपैकी कोणीही हसले नाही. चौकात भिंत उठली. भिंतीत एक दार ठेवले होते, पण ते गणपतीच्या आरतीपुरते उघडे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या नातीने माळ्यावरून ते इंजिन शोधून काढले. मोटारीला तेलाचा एक थेंब दिला, बारा व्होल्टची तार टेकवली, आणि चाळीस वर्षांपूर्वीची चाके गरगर फिरली. मग काय, नवे रूळ आणले, कंट्रोलर आणला, माडीवर आठ फूट बाय चार फुटांचा प्लायवूड ठोकला. मी मराठीचा एम्. ए.; विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण मुख्याध्यापकाला आपल्याला एखादी गोष्ट येत नाही असे म्हणायची सवय राहत नाही.

मूळ तत्त्व सोपे आहे. एका रुळात विजेचे एक टोक, दुसऱ्यात दुसरे. स्लीपर प्लॅस्टिकचे, त्यामुळे दोन्ही रूळ एकमेकांपासून अलग राहतात. एका रुळावरून वीज चाकांवाटे मोटारीत जाते आणि दुसऱ्या रुळाने परतते. तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. एवढ्या ज्ञानावर मी कामाला लागलो.

पहिली अडचण अशी की कंट्रोलरजवळ डौलात धावणारी गाडी प्लायवूडच्या दूरच्या टोकाला जाऊन धापा टाकू लागे. मी रूळ पॉलिश कागदाने घासले. ही चूक कोणी करू नये. कागदाने ओरखडे पडतात आणि त्यांतच पुढे मळ साठतो. दुसरी अडचण नातीच्या हट्टातून आली. गाडी गेली त्याच वाटेने, पण तोंड फिरवून, परत आली पाहिजे. म्हणून रुळाच्या शेवटी एक वळसा घातला; सांध्यातून आत शिरावे, गोल फिरून त्याच सांध्यातून बाहेर पडावे. पण वळशाचा शेवटचा तुकडा जोडला रे जोडला की कंट्रोलर टक् करून बंद पडे. तो तुकडा मी तीन वेळा बदलला. दुकानदाराला काहीबाही बोललोही, ते बोलायला नको होते.

चौथ्या दिवशी मी शाळेतून आलो तो मधले दार सताड उघडे. नात काकाआजोबांना घेऊन माडीवर गेली होती. बंधू आयटीआयमध्ये वीजतंत्री घडवतो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, नातीचे बोट धरून ते डाव्या रुळावर ठेवले आणि म्हणाला, "याच रुळावरून फिरवत आण. उचलू नकोस." बोट वळशातून फिरले आणि सांध्यापाशी येऊन उजव्या रुळाला भिडले. म्हणजे दोन्ही टोके मीच माझ्या हाताने एकत्र बांधली होती! खऱ्या विजेच्या गाडीला हे संकट नाही, कारण तिथे वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांकडे केवळ परतीचे काम असते.

उपाय त्याने पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवला. वळशाच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रुळांना लोखंडी फिशप्लेटऐवजी प्लॅस्टिकच्या, एकूण चार. वळशाला कंट्रोलरकडून थेट, कधीही न बदलणारी वीज. उरलेल्या मार्गाची वीज सहा पायांच्या दुहेरी स्विचमधून. मधले दोन पाय रुळांना, एका टोकाच्या दोघांत कंट्रोलरच्या तारा, आणि तेथून दुसऱ्या टोकाच्या दोघांना फुलीसारख्या तिरक्या तारा. गाडी संपूर्ण वळशात असताना स्विच फिरवायचा. म्हणून वळसा गाडीहून लांब हवा. धातूचे एकही चाक त्या वेळी फटीवर असता कामा नये.

धापा टाकण्याचे कारणही त्यानेच काढले. प्रत्येक फिशप्लेटशी थोडी थोडी वीज अडते, आणि असे वीस जोड झाले की शेवटी उरते काय? प्लायवूडखालून घरात वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, एक लाल, एक काळी, आणि दर तीन फुटांवर तिच्यापासून रुळापर्यंत बारीक तार. डाख रुळाच्या बाहेरच्या अंगाला द्यायचा, आतल्या बाजूला चाकाची कड घासते. शेजारच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवायचा, नाहीतर प्लॅस्टिक वितळते. रूळ पुसायला स्पिरिट आणि सुती फडके. शिवाय कंट्रोलरच्या एका तारेत त्याने मोटारगाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा ओवला. कुठे तारा भिडल्या की तो भक्कन पेटतो आणि इंजिन, कंट्रोलर दोन्ही वाचतात.

दोन संध्याकाळी आम्ही त्या प्लायवूडखाली पाठीवर पडून होतो. बोलणे "लाल दे", "काळी धर" एवढेच. एकदा त्याने विचारले, "दादा, डबे तीनच होते ना? चौथा मालडबा होता." तो मीच १९८३ मध्ये जिन्यावरून पाडला होता आणि नाव त्याचे सांगितले होते, मार त्याने खाल्ला. मी ते आता सांगितले. काळ्या तारेचे टोक सोलत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

शनिवारी रात्री गाडी वळशातून तोंड फिरवून आली. नातीने शिटी वाजवली. बंधूने घरून जुने रूळ आणले होते, पण ते लोखंडी, गंजलेले. ते स्थानकाच्या मागे निकामी रुळांच्या जागी ठेवले, तेथे ते शोभतात. निघताना त्याने पुन्हा बजावले, "गाडी आत असतानाच स्विच फिरव, दादा. बाहेर आल्यावर नाही." त्याचे सोल्डरिंग आयर्न टेबलावरच राहिले. सिग्नलच्या दिव्यांचे काम अजून बाकी आहे.