यादीत नाव सापडल्यावर

सेनगावात पीकविम्याची असो की घरकुलाची, यादी लागली की भिंतीपुढे गर्दी होते. माणूस पहिल्या ओळीपासून बोट फिरवीत खाली येतो. नाव सापडले की बोट थांबते. पुढची पाचशे नावे कोण वाचत बसतो? संगणकाला ही अक्कल उपजत नसते. तेच काम पुन्हा पुन्हा करण्याच्या आज्ञेला 'लूप' म्हणतात. नाव सापडले तरी तो यादी संपेपर्यंत वाचतच राहतो. मध्येच बाहेर काढायचे तर 'ब्रेक' हा शब्द लिहून द्यावा लागतो.

आम्ही दोघे मजुरी करणारी माणसे. धाकटी लेक संगणक शिकते आणि रात्री जेवताना आम्हाला सांगते. आम्ही विचारले, "बाई, एकाच नावाच्या दोघी असल्या तर?" ती म्हणाली, "मग नुसत्या नावावर ब्रेक मारायचा नाही. बापाचं नाव, जन्मतारीख, सगळं जुळलं की मगच."

हे आम्हाला लगेच पटले, कारण तिच्या शिष्यवृत्तीच्या वेळी तेच घडले होते. यादीत तिच्याच नावाची दुसरी मुलगी वर होती. बाबूने तेवढी ओळ पाहिली, वडिलांचे नाव जुळेना म्हणून "नाही" म्हटले आणि कागद मिटला. एक हजेरी बुडवून आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा तिचे नाव पुढच्या पानावर निघाले.

पायथॉन नावाच्या भाषेत याची सोय आहे. ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांपुढे आणली. तिच्यात लूपला 'एल्स' जोडता येते. ब्रेक न लागता यादी पूर्ण वाचून झाली, तरच 'एल्स'खालची आज्ञा चालते. म्हणजे "नाही" हा शब्द शेवटची ओळ पाहिल्यावरच. त्या बाबूला कोणी हे शिकवायला हवे होते!

ब्रेक भलत्या जागी पडला तर मोठमोठ्यांची फजिती होते. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे दूरध्वनी सुमारे ९ तास विस्कळीत झाले. सी भाषेतला एक ब्रेक 'इफ'च्या आत होता. पण ब्रेक 'इफ'मधून बाहेर काढत नाही. भोवतीच्या लूपमधून किंवा 'स्विच'मधून काढतो. त्यामुळे पुढचे जरूर ते काम राहून गेले, आणि एक केंद्र अडखळले की शेजारचेही अडखळू लागले.

लुपात लूप असेल तर ब्रेक फक्त आतल्यातून सोडवतो. एका गावाची यादी थांबली तरी तालुक्याची चालूच राहते. ती थांबवायची तर बाहेर वेगळी खूण ठेवावी लागते. सध्या लेक तेच गणित सोडवते आहे.