आजीचा हात

आमच्या आजीला दिसत नाही, ही गोष्ट सर्वांत शेवटी कळली ती आम्हा घरच्यांना.

इस्लापूरच्या घरात ती पहाटे उठे, चूल पेटवी, सडा टाकी, भाकरी थापी. हात कधी चुकत नसे. एकदा भातात खडा लागला, तेव्हा मी ताट सरकवून तिच्यावर ओरडलो होतो. "लागला आसंल बाबा एखादा," एवढेच ती म्हणाली. तेव्हाच शंका यायला हवी होती. पण कॉलेजात शिकणाऱ्या शहाण्या नातवाला ती आली नाही.

आजोबांचे तसे झाले नाही. बाजारात त्यांना नोट ओळखता आली नाही, तर त्याच आठवड्यात त्यांना नांदेडला नेऊन मोतीबिंदू काढून आणला. आजीला कुणी विचारले, तर ती म्हणे, "मला काय कागदं वाचायची हायेत? चूल दिसती, बास." आणि तेवढे उत्तर आम्हाला सोयीचे होते.

दिवाळीच्या सुट्टीत आदिलाबादच्या गाडीने घरी आलो. भर दुपारी गंमत म्हणून न बोलता दारात उभा राहिलो. आजी माझ्याकडे सरळ पाहत होती. मग म्हणाली, "कोन हाय?"

पुढे ग्रंथालयात 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणाचे आकडे वाचनात आले. पन्नाशी गाठलेल्यांत शेकडा 1.99 लोक अंध. आणि त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांशांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू, म्हणजे बरा होणारा आजार. पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त. निरक्षरांत 3.23, तर दहावी व त्यापुढे शिकलेल्यांत अवघे 0.43! वय, ऊन, चुलीचा धूर, मधुमेह ही कारणे डॉक्टर सांगतात, ती खरीच आहेत. आजीचा सारा जन्म कापसाच्या रानात आणि चुलीपुढे गेला. पण अक्षरओळख नसल्याने डोळ्यांत पडदा कसा येईल? मला वाटते, पडदा सर्वांनाच येतो. तो काढायला कुणाला आधी न्यायचे, हे घर ठरवते. ज्याच्यावाचून व्यवहार अडतो, तो आधी. आजीवाचून काही अडत नव्हते, कारण ती आंधळेपणीही सारे करीत होती.

आपल्या मराठवाड्याला डोळ्यांचे डॉक्टर अपरिचित नाहीत. उदगीरला लायन्सचे नेत्र रुग्णालय आहे. डॉ. तात्याराव लहाने तर लातूर जिल्ह्यातलेच. मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबण्याची जुनी गरजही आता उरलेली नाही. आमच्या घराला मात्र नांदेड आजोबांपुरतेच जवळ होते.

आजीची शस्त्रक्रिया झाली. एका डोळ्याला बऱ्यापैकी दिसू लागले. दुसऱ्याची नस काचबिंदूने आधीच गेली होती. ती परत येत नाही. घरी आल्यावर आजीने प्रथम स्वयंपाकघराची भिंत पाहिली आणि "किती काळी झाली गं!" म्हणून आईवरच चिडली.

परवा सुट्टीत गेलो होतो. आई माझ्या शर्टाचे बटण लावीत होती. दोन-तीनदा दोरा सुईच्या बाजूने निसटला. "दोराच खराब हाय," म्हणून तिने सुई धाकट्या बहिणीकडे दिली. मी आईला विचारले, तुला दिसते ना?

"दिसतं की," ती म्हणाली.