विष्णुक्रांता

गणेशचतुर्थी जवळ आली कीं आमच्या घरीं पत्रींचा वाद निघतो. एकवीस पत्रींपैकीं विष्णुक्रांता कोणती, हा त्यांतला जुना प्रश्न. मीं तो फार पूर्वींच निकालांत काढला होता. अमरकोशांत विष्णुक्रांता ही गिरिकर्णी व अपराजिता यांच्या पंक्तीस बसली आहे. अपराजिता म्हणजे आपली गोकर्ण. तेव्हां कुंपणावरच्या वेलीचीं पानें आणावीं, झालें! एकदां वर्गांतील एका मुलानें माळावरची एक लवदार वनस्पति मुळासकट आणली. "गुरुजी, आमची आजी हिला विष्णुक्रांता म्हणते." "आजीला अमर येतो काय?" मीं विचारलें. वर्ग हंसला. त्या मुलानें पुन्हां कधीं कांहीं आणलें नाहीं.

यंदा नातीबरोबर टेकडीवर गेलों असतां तीच वनस्पति पायाखालीं आली. सुतासारख्या फांद्या जमिनीला बिलगून चहूंकडे पसरलेल्या, बारीक पानांवर रेशमी लव, आणि तुरीच्या दाण्याहून किंचित् मोठें, चपटें, निळें फूल. नात वनस्पतिशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आजोबा, ही इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस." लिनियसनें १७५३ सालीं हिला कॉन्व्हॉल्व्ह्युलस, म्हणजे विळखा घालणाऱ्या वेलींत, घातलें होतें. पण ही कशालाच विळखा घालीत नाहीं. म्हणून १७६२ सालीं त्यानें हिला निराळें काढून 'उलगडणें' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून नवें नांव दिलें. त्याला आपली चूक सुधारण्यास नऊ वर्षें लागलीं, मला पस्तीस!

वास्तविक नांवांतच सर्व होतें. विष्णुना क्रान्ता, विष्णूच्या पावलांखालीं आलेली. तृतीया तत्पुरुष मीं जन्मभर शिकविला! मृत्तिकास्नानाच्या मंत्रांत हेंच संबोधन पृथ्वीला आहे, आणि रोज म्हणणाऱ्या मला तें सुचूं नये? कुंपणावर चढणाऱ्या गोकर्णीवर पाऊल पडणार कसें? केरळांतील दशपुष्पांतही विष्णुक्रांति म्हणून हीच भूमीलगतची वनस्पति घेतात. अमर खोटा आहे असें मात्र मी म्हणणार नाहीं. वनस्पतींच्या बाबतींत एक नांव दोघींनीं वापरणें आपल्याकडे नवें नाहीं. शंखपुष्पी या नांवानेंही वैद्यांना असेंच घोटाळ्यांत टाकलें आहे. पण म्हणून ती आजीही खोटी नव्हती.

या चतुर्थीस तबकांत दोन्ही ठेविल्या. सकाळीं उमललेलें तें निळें फूल पूजा आटोपेपर्यंत मिटलें होतें. त्या मुलाचें नांव मला आठवतें. पत्ता ठाऊक नाहीं.