पेटीची किल्ली

आज पुन्हा तेच. संगणक सुरू करून चहाचा कप टेबलावर ठेवतोय तोवर क्रोमवर चौकट हजर: 'किरिंग' उघडायला पासवर्ड द्या. मागतंय कोण, कशासाठी? आधी वाटलं, व्हायरसच शिरला. दोन दिवस नुसतं 'रद्द' दाबत राहिलो.

मग उलगडलं. माझ्या संगणकावरच्या उबुंटू प्रणालीत साठवलेले पासवर्ड 'किरिंग' नावाच्या एका पेटीत कुलूपबंद असतात. लॉगिनला टाकलेल्या पासवर्डानंच ती उघडते. आळसापोटी मीच दिवाळीत आपोआप लॉगिन चालू केलं होतं. उंबऱ्यावर पासवर्डच दिला नाही, तर पेटी उघडणार कशानं? तिला रिकामा पासवर्ड देता येतो म्हणा, पण मग सगळंच उघड्यावर. बायको म्हणाली, "आठ अक्षरं टाकायचा एवढा कंटाळा?"

संध्याकाळी आपोआप लॉगिन बंद केलं.