डोंबिवली फास्ट, पण सांभाळून!

डोंबिवलीकराला वेगाचं वेड असावं, यात नवल ते काय? ‘फास्ट की स्लो?’ या एका प्रश्नावर तर आपली रोजची सकाळ उजाडते. गंमत एवढीच, की या वेगाचं स्टिअरिंग आपल्या हातात कधीच नसतं. लोकल मोटरमनच्या हातात, ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला पोचलं की दिवस बॉसच्या हातात, आणि रविवारी हौसेनं कार काढावी तर कल्याण-शीळ रोडवर सेकंड गिअरच्या वर जायची बात नाही! अशा माणसानं कार रेसर व्हायचं स्वप्न बघावं का? मी बघितलं होतं बुवा.

२००५ साली नारायण कार्तिकेयन जॉर्डनच्या पिवळ्या गाडीतून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. पहिला भारतीय! मी तेव्हा सहावीत होतो. त्या वर्षी इंडियानापोलिसला तो चौथा आला. टायरच्या भानगडीमुळे तिथे सहाच गाड्या धावल्या होत्या, पण आम्हा पोरांना त्याचं काय? गणिताच्या वहीची शेवटची पानं पिवळ्या गाड्यांनी भरून गेली. पुढे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन आली आणि गेली. मी टीव्हीसमोरच होतो. अण्णा एसटीत ड्रायव्हर, कल्याण डेपो. रेसिंग म्हणजे लाखांचा खेळ, तोही बराचसा चेन्नई-कोइमतूरकडचा. मग इंजिनीअरिंग, नोकरी, लग्न, होम लोन... सगळं कसं रीतसर झालं.

गेल्या वर्षी ऑफिसातल्या एका मित्रानं ‘आय-रेसिंग’चं नाव काढलं. ‘व्हिडीओ गेम म्हणू नकोस हां,’ असा दमही भरला. डेव्हिड केमर आणि जॉन हेन्री या दोघांनी अमेरिकेत उभी केलेली ही कंपनी. २००८ पासून यांचं सिम्युलेटर ऑनलाइन चालू आहे. खरे रेसट्रॅक लेसरनं मोजून, त्यांच्या खाचखळग्यांसकट कॉम्प्युटरमध्ये उतरवलेले. समोरच्या गाड्या कॉम्प्युटर चालवत नाही. जगात कुठेतरी बसलेली तुमच्या-आमच्यासारखी माणसं चालवतात. २०२१ ते २०२४ सलग चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला मॅक्स व्हर्स्टॅपनसुद्धा फावल्या वेळात इथेच सापडतो. आणि अमेरिकेतल्या विल्यम बायरननं तर आधी घरी यावर धडे गिरवले, मग खऱ्या गाडीत बसला. २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन वर्षं डेटोना ५०० ही नॅसकारची सगळ्यात मोठी शर्यत त्यानं मारली. हे ऐकल्यावर मी गप्प बसणार होतो थोडाच!

आता खर्चाचं बोलू, कारण घरी पहिला प्रश्न तोच आला. महिन्याची वर्गणी तेरा डॉलर, म्हणजे अकराशे-बाराशे रुपये. वर्षाचे एकदम भरले तर स्वस्त पडतं, नव्या मेंबरला बऱ्याचदा सूटही मिळते. वर्गणीत काही गाड्या आणि ट्रॅक येतात. त्यापलीकडची प्रत्येक गाडी साधारण बारा डॉलरला, ट्रॅक बारा ते पंधराला. आणि वर्गणी थांबली की विकत घेतलेली गाडीही बंद! म्हणजे अगदी पागडीची खोलीच म्हणा ना. पैसे मोजून घ्यायचीही, आणि वर भाडंही भरायचं. म्हणून नवख्यांना माझा सल्ला: पहिले दोन-तीन महिने एक रुपयाची खरेदी करू नका. वर्गणीत मिळणारी छोटी मझदा एमएक्स-५ शिकायला पुरून उरते. बरा ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी लागतो. स्टिअरिंग आणि पेडल मात्र हवीतच, कीबोर्डवर हे जमत नाही. मी सेकंडहँड सेट पंधरा हजारांना उचलला आणि हॉलमधल्या डायनिंग टेबलाला घट्ट आवळला. मालिका संपून जेवणाची भांडी उचलली गेली, की रात्री साडेदहाला आमचा ट्रॅक खुला!

इथे टोपणनाव चालत नाही. स्क्रीनवर तुमचं खरं नाव, आडनावासकट. ब्राझीलचा कुणी, जर्मनीचा कुणी, आणि त्यांच्यामध्ये आमचं अस्सल जुन्नर तालुक्यातलं आडनाव. पहिल्यांदा ते ग्रिडवर बघितलं तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

प्रत्येकाची सुरुवात ‘रुकी’ लायसन्सपासून. मग डी, सी, बी, ए. मला वाटलं, जिंकत गेलं की वर चढत असतील. नाही हो! वर चढवतं ते ‘सेफ्टी रेटिंग’. सुरुवात २.५० पासून. रस्ता सोडलात तर एक पॉइंट, गाडीचा ताबा सुटला तर दोन, दुसऱ्यावर जोरात आदळलात तर चार. दर पॉइंटमागे किती वळणं नीट पार केलीत, त्यावर रेटिंग ठरतं. पहिला आलात की शेवटचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

माझ्या पहिल्याच शर्यतीत, पहिल्याच वळणावर, मागच्यानं येऊन मला धाडकन ठोकलं. मी बिचारा आपल्या बाजूनं चाललेला. स्क्रीनवर काय यावं? त्याला चार आणि मलाही चार! कारण चूक कुणाची हे इथे बघतच नाहीत. धडक झाली ना, मग दोघांच्याही खात्यात. मी हेडफोन काढून टेबलावर आपटला. ‘हा कुठला न्याय?’

‘बरोबर आहे की,’ मागून आवाज आला. अण्णा.

अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली. मधुमेहानं नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हापासून हा माणूस जरा मिटल्यासारखाच झाला होता. खाली कट्ट्यावर जाणं बंद. दिवसभर टीव्हीवर त्याच त्या बातम्या. माझी रेस सुरू झाली की त्यांचा टीव्ही बंद करायला लागायचा, म्हणून नाइलाजानं ते बघत बसले असावेत असा माझा समज होता.

‘आम्हाला डेपोत कुणी विचारायचं नाही, किती जोरात आलास,’ अण्णा म्हणाले. ‘विचारायचे, गाडीला ओरखडा आहे का. समोरच्याची चूक असली तरी ओरखडा आपल्याच गाडीला पडतो. मागचा अंगावर येतोय हे तुला आरशात दिसत होतं का नव्हतं?’

दिसत होतं.

‘मग त्याला जाऊ द्यायचं. यड्याला आधी वाट द्यावी.’

तीस वर्षं अण्णांनी कल्याण-आळेफाटा मार्गावर माळशेज घाट चढला-उतरला. पावसाळ्यात पाच फुटांवरचं दिसत नाही असं धुकं, वरून दगड, आणि गाडीत पन्नास माणसं. एकही अपघात नाही. आमच्या घरात या तीस वर्षांचा हिशेब कधी मांडलाच गेला नव्हता. अण्णा ड्युटीवर जायचे आणि परत यायचे, एवढंच. आता एका परदेशी सिम्युलेटरच्या नियमांमुळे तो हिशेब रोज रात्री थोडा थोडा बाहेर येऊ लागला. ‘पुढच्या गाडीकडे बघू नको, तिच्या पुढच्या गाडीकडे बघ.’ ‘धुक्यात पुढच्याच्या लाल दिव्याला चिकटून जायचं नसतं. तो दरीत गेला तर तूही जाशील.’ अख्ख्या इंटरनेटवरच्या टिप्स एका बाजूला आणि हे एका बाजूला! मी पिटलेनमधून, सगळ्यांच्या मागून सुरुवात करायला लागलो. पहिल्या वळणावर पुढे व्हायचा तो गोंधळ होऊन जायचा, आणि मी त्यातून सावकाश वाट काढत सातवा, आठवा यायचो. सात आठवड्यांत ‘डी’ लायसन्स मिळालं. अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, ‘आणि बिल्ला?’

बायको मध्यंतरी विचारत होती, अकराशे रुपये महिना देऊन नक्की मिळतं काय? प्रश्न रास्त आहे. मी काही बायरन होणार नाही. तिशी उलटली, हप्ता अजून सोळा वर्षं चालायचाय. पण वेग म्हणजे काय, याबद्दल माझ्या डोक्यात जे सहावीपासून बसलं होतं, ते हलतंय खरं. आणि अण्णा रात्री साडेदहाला स्वतःहून टीव्ही बंद करतात. याची किंमत कशी काढायची, सांगा?

मागच्या शनिवारी त्यांनाच बसवलं. शर्यत नाही, एकट्यानं सराव. लाइम रॉक, अमेरिकेतला दीड मैलाचा छोटासा ट्रॅक. बरे ड्रायव्हर साधारण मिनिटभरात चक्कर मारतात. अण्णांनी आधी सीट पुढे घेतली. मग विचारलं, ‘इंडिकेटर कुठाय?’ नाहीये म्हटल्यावर मान हलवली आणि निघाले. प्रत्येक वळणाआधी गिअर खाली, वळणातून बाहेर पडताना हलकेच अॅक्सिलरेटर. पावणेतीन मिनिटं लागली. पॉइंट शून्य.

‘अण्णा, खूपच हळू हो,’ मी म्हणालो.

‘हळू?’ पेडलवरचा पाय न उचलता ते म्हणाले, ‘पन्नास शिटा आहेत मागे.’

आणि दुसऱ्या चकरीला निघाले.