खुर्ची मालकाची, हात कारागिराचा

दिवाळीच्या आधीचे दहा-बारा दिवस पार्लरचा गल्ला सगळ्यात जास्त भरतो आणि स्टाफची भांडणंही नेमकी तेव्हाच होतात. पुण्यातल्या सलून-पार्लरचालकांना मी नेमणुका, पगार आणि कामगार कायद्याबाबत सल्ला देते. त्यांचे फोन बहुतेक वेळा एकाच तक्रारीने सुरू होतात : "मॅडम, मुलगी सोडून चालली आणि कस्टमरही घेऊन चालली. पण बाँड आहे माझ्याकडे."

या बाँडवर मालकांची फार भिस्त असते. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं पाच किलोमीटरच्या आत कुठेही काम करणार नाही, असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेलं असतं. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 27 नुसार कुणालाही आपला कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. नोकरीत असताना बाहेरची कामं घेऊ नकोस, ही अट चालते. नोकरी सुटल्यानंतरची मनाई टिकत नाही. ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर ठरलेली रक्कम भरायची, ही अट मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात ग्राह्य धरली. म्हणून सलूनने खरोखर खर्च करून बाहेरचं ट्रेनिंग दिलं असेल आणि पावत्या जपल्या असतील, तर वाजवी वसुली मागायला जागा आहे. मूळ सर्टिफिकेट कपाटात अडकवून ठेवणं किंवा पहिल्या महिन्याचा पगार 'डिपॉझिट' म्हणून दाबणं, याला काहीच आधार नाही. असं करणाऱ्याचं काम मी घेत नाही.

मुली सोडून का जातात, हे पाहायचं तर बिल बघावं. समजा, एक बाई ग्लोबल कलर आणि हेअरकटला आली. हेल्परने केस धुतले, ज्युनिअरने रंग लावला, सीनिअरने कट आणि ब्लो-ड्राय केलं. बिल सहा हजारांचं, त्यावर दिवाळी ऑफरचे वीस टक्के कमी. टार्गेटमध्ये सहा हजार धरायचे की चार हजार आठशे? आणि कुणाच्या नावावर? बऱ्याच ठिकाणी याचं उत्तर काउंटरवर बसलेली मुलगी देते. ती ज्याचं नाव टाकेल त्याचं काम. पॅकेजचं तर विचारूच नका. ऑक्टोबरमध्ये एकीने विकलं, फेब्रुवारीत दुसरीने त्यावर काम केलं, आणि इन्सेंटिव्हच्या वेळी दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

ऑफर मालकाने ठरवली असेल तर टार्गेट मूळ दरावरच धरावं, असं माझं ठाम मत आहे. कात्री चालवणाऱ्याचे कष्ट वीस टक्क्यांनी कमी होत नाहीत. रंग लावणारा आणि शेवटचा हात फिरवणारा यांच्यातला वाटा आधीच ठरवावा, हेल्परला दर वॉशमागे ठरलेले पैसे द्यावेत, पॅकेज विकणारीला विक्रीचा छोटा हिस्सा लगेच आणि बाकीचा काम करणारीला. आकडे काय असावेत यावर वाद घालता येईल. मात्र ते नवरात्राआधी पँट्रीच्या भिंतीवर लागलेले हवेत.

काही मालक म्हणतात, "आमच्याकडे नोकर नाहीतच, सगळे फिफ्टी-फिफ्टीवर आहेत." मग मी त्यांना सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा 1973 चा निकाल सांगते. आंध्र प्रदेशातल्या त्या दुकानातले शिंपी नगावर पैसे घेत आणि त्यांच्या येण्या-जाण्याचं बंधनही सैल होतं. तरी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार मानलं. कारण मशीन दुकानाची होती आणि शिवण पसंत नसेल तर उसवून पुन्हा शिवायला लावायचा अधिकार मालकाचा होता. आता आपल्या सलूनकडे पाहा. खुर्ची, आरसा, प्रॉडक्ट, दरपत्रक आणि कस्टमर नाराज झाला तर काम पुन्हा करून द्यायचा हुकूम, यातलं काय कारागिराचं आहे?

साप्ताहिक सुट्टी आमच्याकडे बहुधा सोमवारी. गर्दीच्या आठवड्यात ती रद्द झाली, तर बदली सुट्टीची तारीख त्याच दिवशी लिहून द्यावी. गिरणी कामगारांना 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे यांचं या व्यवसायाशीही नातं आहे. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. कामाला नाही म्हणण्याचा तो हक्क आजच्या थेरपिस्ट मुलीलाही हवा. एखादा कस्टमर हेड मसाजच्या निमित्ताने लघळपणा करत असेल, तर "नेहमीचे आहेत, सांभाळून घे" असं सांगणारा मालक तिला एकटं पाडतो. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कस्टमरविरुद्धची तक्रारही बसते. दहा किंवा अधिक माणसं असतील तर अंतर्गत समिती नेमावीच लागते. त्याहून लहान पार्लरमधली मुलगी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते.

हेल्परचे हात कुणी बघत नाही. दिवसभर शॅम्पूच्या पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटते आणि त्या भेगांवर रंग लागतो. गडद रंगांत बहुधा पॅराफिनिलीनडायमिन असतं. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर जात नाही आणि तिच्या हातचं कामच सुटतं. तेच ग्लोव्ह्ज धुऊन पुन्हा वापरायला लावणं ही फार महागात पडणारी काटकसर आहे. नायट्राइलचे ग्लोव्ह्ज रोज नवे द्यावेत. दहा माणसांच्या सलूनमध्ये 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू होतं. पंधरा हजारांच्या पगारावर मालकाचे 488 आणि तिचे 113 रुपये जातात. त्यात तिच्यावर आणि घरच्यांवर उपचार होतात, आजारपणाच्या रजेत सत्तर टक्के मजुरीही मिळते.

एवढं करूनही मुली सोडून जातात. लग्न होतं, कुणी स्वतःचं पार्लर काढतं. तेव्हा हिशेब चुकता करून अनुभवपत्र हातात द्यावं. कस्टमरच्या यादीबद्दल मी नेमणूकपत्रातच एक कलम घालते : सलूनच्या सॉफ्टवेअरमधले नंबर आणि कलरचे फॉर्म्युले सलूनचे, ते उतरवून न्यायचे नाहीत. एखाद्या ताईंनी आपणहून तिला नंबर दिला असेल, तर तो पुसायला लावता येत नाही.